पाचापैकी तीन दिवे

काटेवाल्याला चालू वस्तू बघवत नाही. बंद पडलेली वस्तू तो महिनाभर कोपऱ्यात ठेवेल, वर तिच्यावर ओले मोजेही वाळत घालेल; पण चालू वस्तूने जरा वेगळा सूर काढला की त्याचा हात आपसूक खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे जातो. मिक्सर, दाराची बेल, बायकोचं मनगटी घड्याळ आणि एकदा तर शेजाऱ्यांचं शिवणयंत्र, हे सगळं ठणठणीत असताना त्याच्या हातून गेलं. हे तो स्वतःच सांगतो. पुढची हकीकतही त्यानेच सांगितलेली आहे, आणि सांगताना त्याने स्वतःला कुठे सवलत दिलेली नाही.

त्याचा धंदा तोलकाटे दुरुस्त करण्याचा. किराणा दुकानं, भाजीच्या गाड्या, धान्याची कोठारं, सोनारांच्या काचेच्या पेट्या, सगळीकडे तो सायकलवरून हिंडतो. खांद्याच्या पिशवीत मखमलीच्या डबीतली प्रमाणित वजनं असतात. काटा खरा निघाला की तो त्यावर नखाएवढा हिरवा स्टिकर चिकटवतो: ‘तपासले’. सत्तावीस वर्षांत हजारो काट्यांना त्याने हे प्रमाणपत्र दिलं असेल. दुकानदार म्हणाला, “अहो, हाताला कळतंय की किलोभर आहे,” तर काटेवाल्याचं उत्तर ठरलेलं असे, “हात म्हणजे अंदाज. काटा म्हणजे माप.”

घरात माणसं तीन. तो, बालवाडीत शिकवणारी त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण. बहिणीचे पाय लहानपणीच्या तापात गेले. ती विजेवर चालणाऱ्या खुर्चीतून हिंडते. खुर्ची बॅटरीसकट ब्याण्णव किलो चारशे ग्रॅम, नुसती लिथियमची बॅटरी सात किलो तीनशे दहा ग्रॅम, हे त्याला पाठ आहे. ताईचं वजन मात्र तिने त्याला आजवर कळू दिलेलं नाही.

ताई नोकरी करते रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात. कानाला हेडफोन लावून दिवसभर घाबरलेल्या लोकांशी बोलायचं, पत्ता काढून घ्यायचा आणि गाडी रवाना करायची. “आहात तिथेच थांबा, मदत निघाली आहे,” हे वाक्य ती असं म्हणते की ऐकणाऱ्याचा श्वास जागेवर येतो. हेच वाक्य ती घरी काटेवाल्याला म्हणते तेव्हा मात्र त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो आणि श्वास जागेवरून जातो.

एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर तिला सकाळच्या पाळीची प्रमुख करायचं घाटत होतं. पण साहेबांनी आधी दोन आठवडे बघायचं ठरवलं. सकाळी सातची पाळी, प्रमुखाने सातच्या आत टेबलावर हवं. साहेब फार सभ्यपणे म्हणाले होते, “तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही हो. फक्त रोज, वेळेवर, एकटीने येणं जमेल ना?”

त्यातला ‘एकटीने’ हा शब्द ताईने घरी आणला आणि कुणाला दाखवला नाही. पण त्या दिवशी ती चहा न पिता खोलीत गेली, तेव्हा दोघांना कळलं की काहीतरी टोचलंय.

परीक्षा सोमवारपासून होती. पाळी बदलण्याआधी तिला चार दिवसांची सुट्टी होती. बुधवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खुर्चीच्या हातावरच्या पाच दिव्यांपैकी एकच लागत होता. म्हणजे नेहमीसारखं. कचेरी पाच किलोमीटर, जाऊन येऊन दहा, घरी पोचताना एक दिवा उरायचा. तिने चार्जर जोडला आणि त्यातला पंखा घुर्रर्र करू लागला.

आता हा पंखा गेले वर्षभर असाच घुरघुरत होता. त्याचं कुणाला काही नव्हतं. पण ताईच्या मोठ्या सोमवारच्या आधी आपण काहीतरी चांगलं करावं, असं काटेवाल्याच्या मनात आलं, आणि जगातली बरीच नुकसानं इथूनच सुरू होतात. ताई चाकांच्या स्टुलावरून अंघोळीला गेल्यावर त्याने चार्जर उघडला. पंख्याच्या कण्यावर तेलाचा एक थेंब सोडला. पंखा असा मऊ फिरू लागला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. पाच स्क्रू काढले होते, चार परत बसले. पाचवा इकडे तिकडे शोधला. पडला असेल कुठे, म्हणून सोडून दिला. ग्रॅमच्या दहाव्या भागासाठी दुकानदाराशी भांडणारा हा माणूस, पण स्क्रू मोजताना पाचातून एक वजा करून मोकळा झाला.

त्याने बटण दाबलं आणि पाचवा स्क्रू सापडला. तो चार्जरच्या आतच होता. आधी निळा उजेड, मग टाळीसारखा आवाज, मग जळक्या प्लास्टिकचा वास.

बायको स्वयंपाकघरातून आली. बालवाडीतल्या मुलांशी बोलण्याचा सूर तिच्या जिभेला कायमचा चिकटलेला. “काय उघडलंय आज?”

“काही नाही.”

“मूठ उघडा बघू. काही नाही तर मुठीत काय आहे?”

मुठीत चार स्क्रू होते. त्याने ते घाईत पुन्हा काढले होते.

ताई ओल्या केसांनी बाहेर आली. तिने वास घेतला, चार्जरकडे पाहिलं, मग भावाकडे. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो. तिने सरळ कंपनीला फोन लावला. नवा चार्जर यायला तीन आठवडे. बाजारातले दुसरे चार्जर चालतील का? नाही, वेगळ्या व्होल्टेजचा लावलात तर बॅटरी पेट घेऊ शकते, जबाबदारी तुमची.

“मी सोडतो ना तुला,” काटेवाला म्हणाला. “खुर्चीचा तो खटका मोकळा केला की ढकलता येते. पहाटे निघू.”

“नाही.”

“अगं, दोनच आठवडे.”

“ग्रॅम्या, मला ढकलत नेलेलं चालणार नाही. आणि तू ढकलत नेलेलं तर मुळीच नाही.”

याच्यामागे जुनं दुखणं होतं. लहानपणी ताईची खुर्ची साधी, चाकाची. आईवडील दोघंही कामाला, म्हणून चौदा वर्षांच्या ताईला शाळेत ढकलत नेण्याचं काम दहा वर्षांच्या धाकट्याकडे. आणि या धाकट्याला रस्त्यातल्या प्रत्येक दुकानासमोर थांबायचं असे. पितळी पारड्यांची दांडी सरळ होताना तो जो काटा थरथरतो, तो स्थिर झाल्याशिवाय त्याचे पाय हलत नसत. ताई खुर्चीतून ओरडतेय, घंटा झालीय, आणि हा तोंड उघडं टाकून साखर मोजलेली बघतोय. त्या वर्षी ताईच्या प्रगतिपुस्तकात सगळ्या विषयांत पहिली श्रेणी होती आणि उशिराच्या रकान्यात एकशे चौदा. पुढे नोकरी लागल्यावर तिने विजेची खुर्ची घेतली, आणि त्यानंतर ती आयुष्यात कधी, कुठेही, एक मिनिट उशिरा पोचली नव्हती.

म्हणून काटेवाल्याने त्या रात्री जेवताना जाहीर केलं, “चार्जर मी बनवतो.”

बायकोने घास खाली ठेवला. “उघडता येत नाही म्हणून आता बनवणार?”

“बनवणं सोपं असतं. त्यात स्क्रू उरला तरी चालतो.”

ताई मात्र लगेच नाही म्हणाली नाही. तिने विचारलं, “व्होल्टेज बरोबर येईल?”

“आत सात सेल एकामागे एक आहेत. प्रत्येकाला चार पूर्णांक दोन. सात गुणिले चार पूर्णांक दोन, एकोणतीस पूर्णांक चार. ना कमी, ना जास्त. माप ते माप.”

ताईने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. “स्क्रूचं सोड. पण मापात तू कधी खोटं बोलला नाहीस,” ती म्हणाली. ही तिच्याकडून आलेली मोठीच पावती होती. त्याने ती जेवण संपेपर्यंत मनात दोन-तीनदा मोजून पाहिली.

गुरुवार ते शनिवार तो धंद्यावर गेला नाही. धान्याच्या पिशव्या बंद करणाऱ्या एका मोडीतल्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर त्याच्याकडे पडून होता: तीन किलो सहाशे चाळीस ग्रॅम, घरातली वीज आत घ्यायची आणि चोवीस व्होल्ट बाहेर द्यायचे. ही वीज झोक्यासारखी पुढेमागे हलते, बॅटरीला मात्र एकाच दिशेची लागते. म्हणून पुढे एक ब्रिज लावला, हिसके गिळायला दोन जाडजूड कपॅसिटर लावले. एवढं झालं की चोवीसचे सुमारे चौतीस होतात. शेवटी बाजारातून आणलेलं तळहाताएवढं तयार सर्किट. त्यावर दोन बारीक स्क्रू. एकाने व्होल्टेज बांधायचं, दुसऱ्याने करंट. वाटेत फ्यूज घातला, उष्णतेने तुटणारा एक स्विच घातला, सगळ्या धातूला अर्थिंग दिलं. इतपत अक्कल त्याच्याकडे होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पेटी म्हणून त्याने जुन्या टेबलकाट्याचं पत्र्याचं खोकं वापरलं. त्याच्या वरचं स्टीलचं पारडं काही निघेना, म्हणून ते तसंच राहिलं. त्यामुळे चार्जर तयार झाला तेव्हा दिसायला हुबेहूब भाजीवाल्याचा काटा दिसत होता.

“यावर चार्ज होतं, की कांदे मोजायचे?” बायकोने विचारलं.

“तत्त्व एकच आहे,” काटेवाला उत्साहाने म्हणाला. “हे बघ, दुकानदार धान्य कसं मोजतो? आधी पसा पसा ओततो. काटा जवळ आला की चिमटी चिमटी सोडतो. लिथियमचंही तसंच. आधी पाच ॲम्पियरने सरळ ओतायचं. व्होल्टेज एकोणतीसच्या पुढे गेलं की करंट आपोआप कमी कमी. शेवटी चिमटी. मग बंद.”

बायकोला हे खरंच समजलं, आणि समजल्याचा तिला थोडा रागही आला.

मग व्होल्टेज बांधण्याचा सोहळा. त्याने आपला मीटर काढला. हा मीटर त्याच्या पिशवीतला राजा. आठ वर्षांपूर्वी घेतला त्या दिवशी त्याने कौतुकाने त्यावरही एक हिरवा स्टिकर लावला होता, ‘तपासले’. लावायला जागा कुठे होती, तर आकड्यांच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे त्याने लावला. बारीक स्क्रू केसभर फिरवत, श्वास रोखून, त्याने आकडा आणला: एकोणतीस पूर्णांक चार शून्य. मग स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला, की कुणी छेडू नये. घरात छेडणारा कोण होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी आठला चार्जिंग सुरू झालं. फरशीवर, भिंतीपासून लांब, बाजूला वाळूची बादली. काटेवाला समोर स्टूल टाकून बसला. तो दर पंधरा मिनिटांनी बॅटरीला हात लावून बघायचा आणि वहीत लिहायचा: ‘कोमट नाही.’ बायको जाता-येता म्हणायची, “तुमचा ताप बघा आधी.”

चाळीस ॲम्पियर-तासांची बॅटरी, पाच ॲम्पियरचा चार्जर. आठ तास, वर चिमटी-चिमटीचा एखादा तास. त्याने पाच वाजता होईल असं वहीत लिहून ठेवलं होतं. पण बाराच्या आधीच करंट उतरू लागला, आणि एक वाजता पार अर्ध्या ॲम्पियरवर आला. व्होल्टेज मीटरवर एकोणतीस पूर्णांक चार. बॅटरी भरली!

नऊ तासांचं काम पाच तासांत झालं, तर शहाणा माणूस विचारतो, चुकलं काय? काटेवाल्याने विचारलं, “कंपनीवाले लोकांना एवढे तास का रखडवत असतील गं?”

ताईने बॅटरी खुर्चीत बसवून बटण दाबलं. “ग्रॅम्या, पाचापैकी तीनच दिवे लागलेत.”

“ते दिवे जुने झालेत.”

“बुधवारपर्यंत पाच लागत होते.”

“ताई,” तो म्हणाला, आणि हे वाक्य आठवलं की आजही त्याचे कान गरम होतात, “दिवा म्हणजे अंदाज. मीटर म्हणजे माप.”

ताईने बटण बंद केलं. मापाच्या बाबतीत तिने त्याला शब्द दिल्यासारखं झालं होतं.

सोमवारी सकाळी सहाला ताई निघाली. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, मांडीवर डबा, केस घट्ट बांधलेले. काटेवाल्याने दारातून हात हलवला, दार लावलं, मागच्या दाराने सायकल काढली आणि शंभर पावलांचं अंतर ठेवून तिच्या मागे निघाला. चार्जर आपण बनवलाय, तर निदान पहिल्या दिवशी आपण जवळ असावं, एवढाच त्याचा हेतू. पण लपतछपत जाणं त्याच्या सायकलला जमणारं नव्हतं. तिची साखळी कुरकुरते. चालू असून कुरकुरणारी घरातली ही एकच वस्तू, जिला त्याने अजून हात लावलेला नाही.

चार किलोमीटर खुर्ची छान गेली. पुढे रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पूल लागतो. पुलाचा चढ लांब आहे. चढाच्या मध्यावर खुर्ची मंदावली, एकदा धक्का दिल्यासारखी पुढे झाली आणि थांबली. दिवे विझले. सहा वाजून बेचाळीस मिनिटं. कचेरी सहाशे मीटर.

ताईने मागे न बघता आवाज दिला, “ये आता पुढे. मघापासून साखळी ऐकतेय तुझी.”

“मी आपला सहज इकडे…”

“सकाळी सहाला सहज?”

काटेवाल्याने सायकल कठड्याला टेकवली, मीटर काढला आणि बॅटरीच्या तोंडाशी लावला. पंचवीस पूर्णांक चार. त्याचा चेहरा उजळला. “हे बघ! निदान तिसरा हिस्सा शिल्लक आहे. म्हणजे बॅटरी बरोबर आहे. खुर्चीतच बिघाड आहे. हा कंट्रोलचा डबा उघडला की दोन मिनिटांत…” आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर बाहेर आलाच.

“आहात तिथेच थांबा,” ताई म्हणाली.

तो कचेरीतला आवाज होता. त्याचा हात हवेत राहिला.

“एक स्क्रू जरी काढलास ना, तर उरलेल्या वाटेत तुला मी ढकलत नेईन. आता शांतपणे सांग. मीटरवर काय दिसतंय?”

“पंचवीस पूर्णांक चार.”

“आणखी काय दिसतंय?”

“आणखी काही नाही.”

“त्या हिरव्या स्टिकरखाली काय लुकलुकतंय?”

काटेवाल्याने मीटर डोळ्यांजवळ नेला. पहाटेच्या अर्धवट उजेडात स्टिकरच्या कडेने खरंच काहीतरी उघडझाप करत होतं. घरात दिव्याखाली हे कधी दिसलं नव्हतं. किंवा दिसायला तो कधी बघत नव्हता. त्याने नखाने ‘तपासले’चा कोपरा उचलला. खाली एक इवलंसं बॅटरीचं चित्र होतं. रिकाम्या बॅटरीचं. ते कधीपासून बिचारं डोळे मिचकावून सांगत होतं, की माझाच सेल संपत आलाय.

मीटरच्या पोटातला नऊ व्होल्टचा सेल उतरला, की मीटर बंद पडत नाही. तो खोटं बोलू लागतो, आणि तेही वाढवून सांगतो. खऱ्या सव्वीस-सत्तावीसला एकोणतीस म्हणतो. हे काटेवाल्याला माहीत होतं. त्याने ते दुसऱ्या दोघातिघांना शिकवलंही होतं. म्हणजे परवा त्याने लाख लावून जे एकोणतीस पूर्णांक चार पक्के केले, ते मुळात पावणेसत्तावीसच्या आसपास होते. बॅटरी अर्धीच भरली होती; सपाटीवर ती कदाचित पुरली असती, पण चढाला तिने मान टाकली. पाच तासांत काम झालं, कारण काम अर्धंच झालं होतं. दिवे तीन लागले, कारण ते खरं बोलत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यातही या पाषाणावर ‘तपासले’ असं लिहिलेलं.

“दिवे बरोबर होते,” तो म्हणाला.

“हो,” ताई म्हणाली. मग जरा थांबून, “आणि मीटर उलटा चुकला असता तर? कमी दाखवत असता तर?”

मग त्याने एकोणतीसच्या जागी बत्तीस बांधले असते. बॅटरीच्या आत रखवालदार सर्किट असतं, ते बहुतेक तोडून टाकतं. पण बहुतेकच्या भरवशावर बहिणीच्या बुडाखाली लिथियम ठेवायचं नसतं. वाळूची बादली, दर पंधरा मिनिटांनी लिहिलेलं ‘कोमट नाही’, सगळं एकदम पोरखेळ वाटू लागलं.

“ताई, मी…”

“किती वाजले?”

“सहा सेहेचाळीस.”

ताईने पुलाच्या माथ्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या डब्याकडे. आणि शेवटी खाली वाकून तिने स्वतःच्या हाताने खुर्चीचा खटका मोकळा केला. खट्. दुसऱ्या बाजूचाही. खट्.

“ढकल,” ती म्हणाली.

काटेवाल्याने ढकललं. चढावर पहिली पन्नास पावलं त्याला आपण पन्नाशीचे आहोत हे प्रत्येक पावलाला कळत गेलं. “खुर्ची ब्याण्णव चारशे,” तो धापा टाकत म्हणाला, “आणि तू धरून… एकशे… पन्नासच्या आसपास…”

“आसपास? तू?” ताई म्हणाली. “आणि माझा आकडा काढायचा नाही हां. ढकल गुपचूप.”

माथा आला, उतार लागला. उताराला तो मागून खुर्ची धरून, टाचा रुतवत धावला. पुलाखाली बाजाराची गल्ली. दुकानं उघडत होती. ताईने पाठ ताठ केलेली त्याला मागून दिसली. खांदे कानांपाशी गेले होते. त्याला एकदम कळलं ती कशाची वाट बघतेय. एकशे चौदा वेळा जे झालं, त्याची.

किराणावाला काटा बाहेर मांडत होता. काटेवाल्याने मान वळवली नाही. पुढे फळवाली. तिने याला ओळखलं आणि हाक मारली, “अहो काटेवाले! बरं झालं आलात! माझा काटा कालपासून शंभर ग्रॅम जास्त दाखवतोय बघा!”

शंभर ग्रॅम! त्याच्या मानेतली एक शीर तट्कन ओढली गेली. एरवी याच्यावर त्याने सकाळ घालवली असती. “दाखवू दे!” तो ओरडला आणि पाय उचलत राहिला. मागून फळवाली म्हणाली, “असं कसं दाखवू दे?” पण तोवर खुर्ची सोनाराच्या दुकानाच्याही पुढे गेली होती.

ताईचे खांदे थोडे खाली आले.

कचेरीच्या अलीकडचं वळण. वळणापलीकडे पन्नास पावलांवर फाटक, फाटकातून सरळ दिसणारं साहेबांच्या खिडकीचं तावदान.

“थांब,” ताई म्हणाली. “किती?”

“सहा सत्तावन्न.”

तिने वाकून दोन्ही खटके बसवले, सदऱ्याची सुरकुती हाताने सरळ केली आणि खुर्चीचं बटण दाबलं. काटेवाला म्हणणार होता की कशाला, आता ती लागणार नाही. तेवढ्यात एक दिवा लागला. पाचातला एक, तांबडा, अगदी मिणमिणता.

“लागला!” तो म्हणाला. मग आठवून, “बरोबर आहे. ओढायचं थांबवलं, की बॅटरी जरा सावरते. पंधरा मिनिटं विसावा मिळाला ना तिला. पण फार नाही हं. सपाटीवर शंभरेक पावलं. असा माझा अंदाज.”

“तुझा अंदाज चालेल,” ताई म्हणाली. “माप नको.”

आणि ती निघाली. मुंगीच्या गतीने, पण स्वतःच्या बोटाने. काटेवाला भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि फक्त डोकं बाहेर काढून बघत राहिला. रखवालदाराने फाटक उघडलं. साहेब खिडकीत होते, चहाचा कप हातात धरून. ताईने त्यांच्याकडे बघून मान हलवली. खुर्ची उंबऱ्यापाशी क्षणभर अडली, मग ती आत गेली आणि दार बंद झालं.

तो परत फिरला. दहा पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सायकल पुलावरच राहिली. पण आता घाई कुणाला होती? जाता जाता तो प्रत्येक दुकानासमोर थांबला. फळवालीचा काटा पाहिला. पारड्याखाली एक छोटा पेरू अडकला होता, तो तिने कालपासून शंभर ग्रॅम म्हणून गिऱ्हाइकांना विकला होता. बॅटरीवाल्याचं दुकान उघडल्यावर त्याने नऊ व्होल्टचा नवा सेल घेतला. दोन घेतले.

घरी बायको म्हणाली, “काय झालं?” त्याने सगळं सांगितलं. मग तिने बालवाडीच्या पिशवीतून लाल ताऱ्यांचा एक कागद काढला, त्यातला एक तारा सोलला आणि मीटरच्या पाठीवर चिकटवला. “पुढून लावायचं नाही,” ती म्हणाली. “पुढे दिसायला हवं.”

लाखेचा थेंब खरवडून, नव्या सेलाच्या मीटरने, वर बॅटरीवाल्याच्या मीटरनेही पडताळून, त्याने खरेखुरे एकोणतीस पूर्णांक चार बांधले. मग चार्जर सायकलला बांधून अकराच्या सुमारास कचेरीत पोचवला, कारण ताईला संध्याकाळी परत यायचं होतं. तिथे तो तिच्या टेबलाखाली मांडल्यावर दोन जणींनी त्याच्या पारड्यावर आपापले डबे ठेवून पाहिले. साहेबही आले. ताईने सांगितलं, “भावाने घरी बनवलाय.” साहेब दोन पावलं मागे सरकले.

“उद्यापासून हा घरीच राहील,” ताई म्हणाली. साहेबांनी फार सभ्यपणे सुटकेचा श्वास टाकला.

दोन आठवड्यांनी तिला पाळीप्रमुखाचं पद मिळालं. काटेवाला म्हणतो, त्यात त्याचा वाटा इतकाच, की पहिल्या दिवसानंतर तो आड आला नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी पाळी संपली तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता. ताई खुर्चीतून बाहेर आली आणि त्याच्यापाशी थांबून तिने हातावरचं बटण दाखवलं.

“किती आहेत बघ.”

“दिवा म्हणजे…” तो म्हणाला, आणि गप्प झाला. वाकून, बोट लावून, एकेक करून त्याने मोजले. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजले.

“चार आहेत,” तो म्हणाला. “पाचवा अजून नाही लागला.”

“मग?”

“मग अजून तासभर हवा होता.” त्याने सायकल वळवली. “चार पुरतात घरी जायला. निघ तू. मी मागून येतो. शंभर पावलं लांबून.”

“साखळीला तेल घाल आधी,” ताई म्हणाली, आणि बोट पुढे दाबून निघून गेली.